शेजारणीचा कातळ

राजापूरच्या बाजूला निवेखोल नावाचं एक गाव आहे आणि त्या गावाच्या डोक्यावर सडा आहे. सडा म्हणजे नजर पोचेल तिथवर नुसता काळा जांभा कातळ. झाड म्हणाल तर कडेकडेने करवंदीच्या जाळ्या तेवढ्या. माघात तिथलं गवत वाळून सोनेरी होतं, त्यातून वारा सतत कुजबुजत असतो, आणि पश्चिमेला समुद्राची एक बारीक पट्टी चमकते. त्या कातळात चित्रं कोरलेली आहेत. मासे आहेत, हरणं आहेत, एक हत्ती आहे, बिनडोक्याची माणसं आहेत. शहरातून अभ्यासक येतात, टेप लावून मोजतात आणि ही हजारो वर्षांपूर्वीची म्हणून सांगतात. तेव्हाच्या माणसांची ही काहीतरी पूजाविधीची जागा असणार, असंही म्हणतात.

सगळ्यांत शेवटी, समुद्राच्या अंगाला, एक जोडचित्र आहे. एक बाई उताणी निजलेली आणि तिच्या उशाशी दुसरी उकिडवी बसलेली. बसलेलीने एक हात तोंडाशी आडवा धरलाय, कानात काही सांगताना धरतात तसा. निजलेलीची रेघ दोन बोटं खोल आहे. बसलेलीची मात्र इतकी उथळ की भर दुपारी दिसतसुद्धा नाही. ऊन कललं की मग ती हळूहळू उमटते. अभ्यासक तिला देवता म्हणतात. गाव तिला शेजारीण म्हणतं.

आणि त्या सड्याची एक रीत आहे. आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ निघालं तर मोठी माणसं दटावतात. निवेखोलातही घराघरांत तसंच आहे. फक्त सड्यावरून उतरताना सगळं उलटं. तिथे कडेला उभं राहून गावचं माणूस विचारतं, “विस्तव हाय काय?” आणि उतरणाऱ्याने म्हणायचं, “हाय. जातो.” तिथे ‘येतो’ म्हणायचं नाही. अगदी पाहुण्यानेसुद्धा नाही.

हे का, ते गावातले धोंडू तात्या घवाळी सांगतात. त्यांच्याकडूनच ते रत्नागिरीच्या प्रमिला मयेकरांनी ऐकलं.

प्रमिला मयेकर, म्हणजे सगळ्यांच्या पमाताई, तिथे हौसेने गेल्या नव्हत्या. त्या गेल्या होत्या शेजारच्या सुहासिनी भाटकरसाठी. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. सुहासिनीचा नवरा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा मुख्य, होता. दोन वर्षांपूर्वी दारात चप्पल घालताना “येतो गं” म्हणाला आणि गेला. बोट सापडली, इतर माणसं सापडली, हा नाही. सुहासिनीने कुंकू पुसलं नाही, दिवस केले नाहीत, आणि तेव्हापासून घराला कुलूप लावलं नाही. भाजीला नाही, माहेरच्या लग्नाला नाही. येतो म्हणून गेलेला माणूस आला आणि दाराला कुलूप दिसलं तर, एवढंच ती म्हणायची. पमाताई तिची भाजी आणायच्या, दळण आणायच्या, आणि भिंतीला कान लावून तिने दुपारी ताट वाढून घेतलं की नाही तेही ऐकायच्या. ताटं दोन वाजायची. हल्ली एकही वाजेनासं झालं होतं. चाळीशीतली बाई, पण दोन्ही मनगटांतल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

ज्याचं माणूस परतलं नाही त्याने निवेखोलच्या सड्यावर जावं, असं पमाताईंच्या कानावर आलं होतं. त्यांनी आपल्या नवऱ्याला गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं.

“इथून हलायचं नाही. सुहासचे मिस्टर आले तर आपल्याकडे बसवा, चहा द्या. आणि झोपू नका.”

“अगं, पण दोन वर्षांनी आजच...”

“आले तर, म्हटलं ना!”

मग त्यांनी स्वतःच्या हाताने सुहासिनीच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली रुमालात बांधून कमरेला खोचली, आणि सकाळच्या एसटीत तिला बसवलं. चित्रं बघायला जायचंय, एवढंच सांगितलं होतं. पण पमाताईंच्या पोटात काही राहत नाही. लांजा येईपर्यंत सगळं बाहेर पडलं होतं. सुहासिनी खिडकीबाहेर बघत राहिली. मात्र उतरलीही नाही.

धोंडू तात्या सड्याच्या पायथ्याशी भेटले. वय असेल सत्तरच्या पुढे, पण चढण अशी चढले की पमाताईंना दोनदा “जरा थांबा हो” म्हणावं लागलं. वर गेल्यावर त्यांनी चपला काढायला लावल्या. कातळ दिवसभर तापून आता कोमट झाला होता. तात्यांनी सुहासिनीकडे एकदा पाहिलं आणि विचारलं,

“कोण यायचं राह्यलंय, बाय?”

कोण गेलं, असं लोक विचारतात. कोण यायचंय, असं कुणी विचारलं नव्हतं.

“हे,” सुहासिनी म्हणाली.

तात्यांनी मान हलवली आणि त्या दोघींना समुद्राकडच्या टोकाला नेलं. निजलेली बाई दिसली. उशाशी काहीच दिसेना.

“बसा. ऊन कललं की येईल ती,” तात्या म्हणाले, आणि निजलेलीच्या शेजारी जरा अंतर राखून खाली बसले.

असं सांगतात की ही चित्रं कोरली तेव्हा आताचं गाव नव्हतं, देऊळ नव्हतं, लोखंडसुद्धा नव्हतं. खाली खाडीच्या काठाला दहाबारा घरं होती. कुडाची घरं, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेल्या भिंती. माणसं खाडीत मासे धरायची, रानात शिकार करायची, उतारावर नाचणी पेरायची. सड्यावर कुणी राहत नसे. सडा राहण्यासाठी नव्हताच. तो निरोपासाठी होता.

ज्याचा देह हाती लागला त्याला झाडाखाली पुरत. पण ज्याला समुद्राने नेलं, वाघाने ओढलं, जो रानात शिरला आणि परतलाच नाही, त्याला निजायला जागा नाही. मग तो घराघरांतून जागा शोधत फिरतो. म्हणून त्याला सड्यावर कातळात निजवायचं. त्याचं सगळ्यांत जवळचं माणूस कातळावर उताणं झोपे. गावातला सगळ्यांत म्हातारा पुरुष गेरूने त्याच्याभोवती रेघ ओढी. मग काळ्या टणक दगडांनी ती रेघ कोरत बसायचं, आठ दिवस लागोत की महिना लागो. कोरून झालं की दिवस मावळायच्या आत त्या जवळच्या माणसाने त्या चित्रात एकदा निजायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं, उठायचं आणि म्हणायचं, “जातो.” आणि मागे न बघता उतरायचं. बाकी गाव कडेला पाठ करून उभं. बघायचं नाही, फक्त ऐकायचं.

त्या ‘जातो’त सगळं होतं म्हणे. तू इथे, मी तिथे. शब्द एकदा सड्यावर पडला की कातळ तो धरून ठेवतो. कातळाला दुसरं काही येत नाही.

तर त्या वस्तीत केवडी नावाची बाई होती. नवरा नव्हता, एक मुलगी होती, तानू. लग्नाच्या वयाची, उंचीने आईएवढी झालेली. माघातल्या अमावास्येला खाडीला मोठी ओहोटी लागते. तानू कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला निघाली आणि दारातून म्हणाली, “आये, येते गं.” पाणी परत आलं. तानू आली नाही.

केवडीच्या कुडाला कूड लागून भागीचं घर होतं. भागी कशी होती ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. कुणाच्या चुलीवर काय शिजलं, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला दिवस गेलेत, हे तिला त्या त्या घराच्या आधी कळायचं. कूड तिच्यासाठी भिंत नव्हतीच.

“म्हणजे माझ्यासारखी!” पमाताई म्हणाल्या.

“प्रत्येक वस्तीत एक लागतेच, ताई,” तात्या म्हणाले. “नायतर वस्ती कसली?”

पमाताईंना हे कौतुक की टोमणा ते ठरवता येईना, तोवर तात्या पुढे गेले होते.

भागी रोज तिन्हीसांजेला एक काम करायची. आपली चूल विझलेली असो नसो, कुडापलीकडे हाक मारायची, “केवडे, विस्तव हाय काय गं?” त्या काळी विस्तव मोठी गोष्ट. काडेपेटी कुठली? एका घरचा निखारा दुसऱ्या घरी जायचा. केवडी म्हणायची, “हाय, ने.” मग भागी करवंटी घेऊन जायची, निखारा घ्यायची, आणि चार गोष्टी सांगून चार ऐकून यायची. निखारा निमित्तालाच.

तानू गेल्यावर नवव्या की दहाव्या दिवशी भागीने हाक मारली तर पलीकडून उत्तर आलं, “नाय. विझलाय.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी भागी न राहवून आत गेली. केवडीची चूल ओली होती. पाणी ओतल्यासारखी नव्हे, तर भरती घरात येऊन गेल्यासारखी. राखेत शिंपल्याचा चुरा होता. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओली पावलं उमटलेली होती, येतानाची, जातानाची नाही. आणि घरभर खाडीच्या चिखलाचा वास.

त्या रात्री कुडाला कान लावून भागीने ऐकलं. केवडी कुणाशी तरी बोलत होती. हसतसुद्धा होती. दुसरा आवाज ऐकू येत नव्हता, पण बोलताना आपण समोरच्यासाठी जशी जागा सोडतो तशी ती सोडत होती.

मग एकेका घरची चूल विझायला लागली. आज ह्याची, उद्या त्याची. म्हाताऱ्याने सांगितलं, पोरीला जागा नाही, ती फिरते आहे. तिला निजवा.

केवडी सड्यावर आली. ह्या इथे निजली. म्हाताऱ्याने गेरूची रेघ ओढली, ती हीच. वीस दिवस दगडाने दगड कोरला. विसाव्या दिवशी ऊन उतरताना सगळं गाव त्या तिथे कडेला पाठ करून उभं राहिलं. केवडी चित्रात निजली. तानूचं नाव घेतलं. उठली. सगळ्यांचे कान तिच्याकडे. ‘जाते’ एवढंच म्हणायचं. दोन अक्षरं.

पण पोटच्या पोरीला आई ‘जाते’ कसं म्हणणार? जन्मात कधी म्हटलेलं नाही. घरातून निघताना जे रोज म्हणायची तेच तिच्या तोंडून आलं.

“येते हं, बाय.”

असं सांगतात की त्या वेळी सड्यावरच्या टिटव्यासुद्धा गप्प झाल्या.

तेवढं म्हणून तात्याही थांबले. वारा पडला होता. सुहासिनी निजलेल्या बाईच्या पायाकडे बघत होती. पमाताईंनी तिचा हात हातात घेतला तर तो कातळापेक्षा गार लागला.

“मग?” सुहासिनीने विचारलं.

मग काय, तात्या म्हणाले. शब्द दिला तर यायला हवं. दुसऱ्या दिवशी केवडी आली. तिसऱ्या दिवशी आली. रोज दिवस कलला की सड्याची वाट. आधी घटकाभर बसायची, मग निजायला लागली. घरची चूल पेटवीनाशी झाली. लोक म्हणाले, दुःख आहे, उतरेल. भागीला मात्र वेगळंच दिसलं. केवडी भर उन्हात अंगणात उभी होती आणि तिच्या पायाशी सावली नव्हती. भागीने चार घरी जाऊन सांगितलं. चारही घरी हसले. भागीबायला आता सावल्यासुद्धा मोजायला लागतात काय, म्हणाले. रोज दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्या बाईचं खरं कोण मानतो?

एके दिवशी तिन्हीसांज झाली, भागीने हाक मारली आणि पलीकडून उत्तरच आलं नाही. विझलाय, असंही नाही. भागी करवंटी घेऊन तशीच सड्याची चढण चढली. वर येऊन बघते तर केवडी चित्रात निजलेली. टाचा कातळात रुतलेल्या. केस कातळावर पसरलेले, पण वाऱ्याने हलत नव्हते. अंगाचा रंग कडेकडेने काळा पडत चालला होता.

भागीला मंत्र येत नव्हता. गावात ज्याला येत होता तो वर यायला तयार नव्हता. तिला रोजचं एकच वाक्य येत होतं. तिने कडेला उभं राहून तेच म्हटलं.

“केवडे, विस्तव हाय काय गं?”

मग कातळातून आल्यासारखं उत्तर आलं, “हाय.”

दाराशी कुणी विस्तव मागायला आलं की बाई निजून राहत नाही. हात आपोआप जमिनीला टेकतो. केवडी कोपरावर उठली. तेव्हा भागीला दुसरा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. अगदी गोड, लहान होऊन बोलल्यासारखा.

“आये, तू येते म्हणालीस ना गं?”

केवडी पुन्हा निजायला लागली. आणि भागीने ते केलं जे कुणी करत नाही. ती कडेवरून आत आली, चित्राच्या उशाशी अशी उकिडवी बसली, आणि कातळातल्या त्या पोरीच्या कानाशी हात धरून म्हणाली, “हिचं येणं माझ्याकडं दे. आईला जाऊ दे. मी येते. दरसाल येते, आणि घरात काय चाललंय ते सगळं सांगते. तुझ्या आईने काय रांधलं, कुठली गाय व्याली, तुझ्या जोडीच्या पोरी कुठे दिल्या. माझ्याएवढं तुला कोण सांगणार गं?”

कातळ थोडा वेळ विचारात पडला म्हणे. मग त्याने केवडीच्या टाचा सोडल्या. केवडी उठली. ह्या खेपेला तिने म्हटलं, “जाते.” आणि मागे न बघता उतरली. त्या दिवशी तिची चूल पेटली ती पुन्हा विझली नाही.

भागी दिला शब्द पाळत राहिली. दर माघातल्या अमावास्येला वर यायची, दिवस मावळेपर्यंत बसायची आणि वर्षभराच्या बातम्या सांगायची. तानू पुन्हा कुणाच्या घरी फिरकली नाही. गेलेल्या माणसाला तरी काय हवं असतं? आपल्या मागे घरात काय चाललंय तेवढं कळलं की ते उठून येत नाही. फक्त भागीची सावली दरसाल थोडी थोडी फिकी होत गेली. तिने ते कुणाला सांगितलं नाही. ती एवढी बोलकी बाई, पण ते नाही. एक वर्ष आलं, भागीला चढण चढवेनाशी झाली होती. त्या दिवशी ती केवडीच्या दारात आली, “येते गं” म्हणाली, आणि काठी टेकत निघाली. सकाळी गाव वर आलं तर उशाशी ही दुसरी रेघ. दगडाचा घाव नाही, कपची नाही. नुसती उमटलेली.

“ती बघा,” तात्या हळूच म्हणाले. “आली.”

ऊन आडवं झालं होतं. निजलेल्या बाईच्या उशाशी, मघा जिथे नुसता कातळ होता तिथे, एक पाठ दिसत होती, मग गुडघे, मग तोंडाशी धरलेला हात. पमाताईंना वाटलं, आपण येऊन बसलो तेव्हापासून ही इथेच होती आणि आपलं सगळं ऐकत होती.

“तेव्हापासून हितं कुणाला कोरलं नाय,” तात्या म्हणाले. “गरज पडली नाय. चला. एसटी चुकेल.”

ते कडेला जाऊन पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “विस्तव हाय काय?”

पमाताई कातळाला नमस्कार करून निघाल्या. त्यांच्या ओठांवर रोजच्या सवयीने “येते हं” आलंच होतं. जीभ चावून त्यांनी ते गिळलं. “हाय. जाते,” म्हणून त्या कडेला पोचल्या आणि तात्यांशेजारी पाठ करून उभ्या राहिल्या.

मागे सुहासिनी उभीच होती.

“विस्तव हाय काय, बाय?” तात्यांनी पुन्हा विचारलं.

“आहे.”

पुढचं येईना. पमाताईंना मागे वळून बघावंसं इतकं वाटत होतं की त्यांनी दोन्ही हातांनी पदर घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बघायची मनाई होती आणि त्या ती पाळत होत्या.

“तात्या,” सुहासिनीचा आवाज आला. “ते येतो म्हणून गेलेत हो. मी जाते म्हटलं, आणि मग ते आले, तर?”

तात्या वळले नाहीत. समोरच्या दरीकडे बघतच म्हणाले, “आपण कुणाकडे गेलो आणि दाराला कुलूप असलं, तर आपण काय करतो?”

“शेजारी विचारतो.”

“मग?”

मग पमाताईंनी जे ऐकलं ते देवाशी बोलल्यासारखं नव्हतं. जिन्यात उभं राहून बायका बोलतात तसं होतं.

“अहो, एक निरोप ठेवायचाय. आमचे हे आले तर सांगाल? म्हणावं, मी दोन वर्षं कुठे गेले नव्हते. आता घरी गेलेय. घराला कधी कुलूप दिसलं तर रागावू नका म्हणावं, कुठेतरी जवळच गेले असेन. किल्ली पमाताईंकडे आहे. जेवून घेतलं नसेल त्यांनी. तेवढं विचारा.”

आणि मग अगदी स्पष्ट,

“जाते.”

सुहासिनी कडेला आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता, पण ती चालत होती ती तापातून उठलेल्या माणसासारखी, हलकी. पमाताईंनी आधी तिच्या पायाशी बघितलं. पूर्वेकडे, उताराच्या गवतावर, चांगली लांबलचक सावली पडली होती.

तात्या पुढे, त्यांच्या मागे सुहासिनी, शेवटी पमाताई, असे तिघे उतरायला लागले. वाट एका माणसाची. अर्ध्या उतारावर पमाताईंचा पदर करवंदीच्या काट्याला अडकला म्हणून त्या थांबल्या. पुढची दोघं वळणाआड गेली. त्या पदर सोडवत होत्या, आणि कानाशी, अगदी इतक्या जवळ की मानेवर गार वारा लागला, कुणीतरी बाईने चौकशीच्या सुरात विचारलं,

“किल्ली कुणाकडे म्हणालात?”

आवाज ओळखीचा वाटला. पमाताईंना पुढे कितीतरी दिवस कळेना की तो कुणासारखा होता. तो त्यांच्या स्वतःच्या आवाजासारखा होता.

त्या वळल्या नाहीत. पायांखालची वाट ओली झाल्यासारखी त्यांना वाटली, पण त्यांनी खाली पाहिलं नाही. विचारलेल्याला उत्तर द्यायचं असतं, शेजाऱ्याला तर द्यायचंच असतं. कमरेच्या रुमालावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “माझ्याकडे.”

आणि पदर फाटला तो फाटला, तशाच उतरल्या.

रत्नागिरीला पोचल्यावर सुहासिनीने स्वतः कुलूप उघडलं. भात टाकला. पलीकडून पमाताईंनी ऐकलं, ताट एकच वाजलं, पण पूर्ण वाजलं. महिन्याभराने ती माहेरी दोन दिवस राहून आली. नंतर एका शिवणकामाच्या वर्गाला जायला लागली. सकाळी जाताना कुलूप लावते, पमाताईंच्या दारात किल्ली देते आणि म्हणते, “येते हं, पमाताई.” आणि येते.

पमाताईंच्या नवऱ्याने विचारलं, तिथे काय काय पाहिलंत? पमाताईंनी सड्याचं सगळं सांगितलं. इमारतीत सगळ्यांना सांगितलं, एसटी, चढण, हत्ती, तात्या, केवडी, भागी, काही म्हणून ठेवलं नाही. निवेखोलची ही गोष्ट आता आमच्या आळीत लहान पोरांनाही पाठ आहे ती त्यांच्यामुळेच.

आजही निवेखोलच्या सड्यावर ऊन कललं की निजलेल्या बाईच्या उशाशी शेजारीण येऊन बसते. आजही उतरणाऱ्याला विस्तव विचारतात, आणि ज्याचं माणूस यायचं राहिलंय तो तिच्याजवळ निरोप ठेवून ‘जातो’ म्हणतो. आणि आजही पमाताईंच्या दाराच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला, भाटकरांची किल्ली टांगलेली असते. माघातल्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांच्या आधी उठतात. किल्ली हातात घेतात. ती ओली असते, आणि तिला खाडीचा वास असतो. त्या ती पदराने कोरडी पुसतात, पुन्हा खिळ्याला लावतात, आणि सुहासिनीने दार वाजवलं की नेहमीसारख्या हसून बोलायला लागतात.

एवढं एकच त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.